कोर्तोनं न घेतलेला तांदूळ

१७ डिसेंबर

शेठची गाडी आज मिलवर आली आणि मी भिजलेल्या धानात कोपरापर्यंत. पाहुणे आणायचे त फोन करावं ना माणसानं. सुटातले तिघं उतरले, तुमसरच्या आमच्या शेठचे गिऱ्हाईक, लायबेरियाचे. चौथी एक बाई. उंच, काळीभोर, डोक्याले फडकं बांधलेलं, आमची मंदाबाई बांधते तसंच, पण रंग भडक. माणसं सावलीत उभे राहिले. बाई चप्पल काढून सरळ वाळवणात आली, एक दाणा उचलला, दातानं तोडला, आत पाहिलं. मंग माझ्याकडे पाहून हसली. तेव्हाच समजली मी, ही धानातली आहे.

नाव कोर्तो. (पुढं को. लिहीन, हात दुखते.) तिच्या गावाकडे बायांचा संघ आहे. धान लावतात, घरीच उकडतात, घरीच कांडतात. संघानं वर्गणी करून तिले पाठवलं, शिकून ये म्हणून. व्यापारी परत जातील, ही राहीन. कुठं? माझ्या घरी. कोणी ठरवलं? शेठनं.

जाता जाता शेठ मले बाजूले घेऊन म्हणे, "सुनंदाबाई, पाहुणचार झकास करा. सगळं दाखवा. पण शिकवू नका. ते लोकं चांगला तांदूळ काढायले लागले त मले तुमची मिल कायले लागते?" हसतच बोलला. मले नाही आलं हसू.

कारण खरंच आहे. मिल आम्हा आंबागडच्या बायांची, पण धान शेठचं. त्याचं धान आम्ही भिजवतो, वाफवतो, वाळवतो, काढून देतो. तो उष्णा (उकडा) तांदूळ जहाजानं हिच्याच देशात जाते. शेठनं ट्रक पाठवला नाही त मिलले कुलूप. आणि पोत्यावर नाव छापलेलं असते गोंदियाचं. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून तुटला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आता केस पांढरे झाले, पण पोत्यावर आम्ही अजून गोंदियाचेच.

१८ डिसेंबर

को. ले तिखट जमन का नाही म्हणून भीत भीत वाढलं. तिनं वरून ठेचा मागितला. हे पाहतच राहिले. वरठीच्या कारखान्यात यांच्या डब्याले सारे हात लावतात, पण ठेच्याले कोणी लावत नाही म्हणे.

भाची रोशनी आली आहे, तुमसरले इंग्रजी शाळेत शिकवते, सुट्ट्या आहेत म्हणून दुभाषी. को. चं इंग्रजी तिलेही दोनदा विचारावं लागते, शब्दांचे शेपूट खाते म्हणे ती. रोशनीनं सांगितलं, को. च्या देशात दिवसभर काहीही खा, भात नाही गेला पोटात त माणूस म्हणते आज जेवलोच नाही. मी म्हटलं, ही त आमचंच बोलून राहिली.

मंग तिनं ताटातला भात चिमटीत धरला. हा तो नाही, म्हणे. म्हणजे मिलमधला नाही. मी सांगितलं, आम्ही साधा अरवा (न उकडलेला) खातो, उष्णा नाही खात, वास येते त्याले.

"तुम्ही बनवता आणि खात नाही?"

"नाही बाप्पा."

"आमच्या शहरात रोज तोच खातात," म्हणे. हसली पण. पुन्हा भात घेतला नाही मात्र.

हात मिळवते आणि सोडता सोडता बोटांची चुटकी वाजवते. त्यांच्याकडची पद्धत. मोहल्ल्यातले सारे पोट्टे आज दिवसभर चुटक्या वाजवून राहिले.

२० डिसेंबर

मंदाबाईले कल्पना सुचली. मंदाबाई आमच्या मिलच्या अध्यक्ष, मी सचिव. ती म्हणे, अवं सुनंदा, तिथं लेकरं उपाशी मरतात, टीव्हीवर दाखवते, बरगड्या मोजून घ्या. एवढी दुरून बाई आली, खाली हातानं पाठवाची का? घरोघरची मूठ जमा करू.

मूठ म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. मंदिराच्या सप्ताहाले मंदिरवाले मूठ मागतात, विहाराच्या कार्यक्रमाले आम्ही. पण दोन्हीकडचा गोटा (डालं) एकाच रस्त्यानं फिरला, असं माझ्या देखत पहिल्यांदा झालं. मी आणि मंदाबाई सोबत फिरलो. ज्या घरांनी मले कधी उंबऱ्यावर पाणी नाही विचारलं त्यांनी आज नवा तांदूळ ओंजळीनं टाकला. म्हातारी जनाबाई तर मूठ टाकून रडली, "लेकरायले खाऊ घाला" म्हणे.

दोन पोती भरली. पोत्यांचं तोंड मीच शिवलं. छाती फुगली होती माझी, खोटं कायले लिहू. सरपंचानं बॅनर लावलं: आफ्रिकेतील भुकेल्या बांधवांना आंबागडकरांची मूठ.

को. ले सांगितलं नाही. अचानक देऊन खूश करायचं ठरलं.

२२ डिसेंबर

झालं ते लिहून काढते, नाही त झोप येणार नाही.

शाळेच्या पटांगणात कार्यक्रम. हार, शाल, नारळ. को. नं सगळं घेतलं, वाकून नमस्कार केला, लोकं खूश. मंग पोती आणली, वर फुलं ठेवलेली. सरपंच बोलले. रोशनी को. च्या कानात सांगत होती. मी को. चं तोंड पाहून राहिली. बॅनरवर काय लिहिलं ते विचारलं तिनं. रोशनीनं सांगितलं. आणि त्या बाईचा चेहरा बंद झाला, दुकानाचं शटर पाडावं तसा.

माइक हातात घेतला. बोलली. रोशनी थांबली. "मावशी, हे कसं सांगू?"

"जसं म्हणते तसं सांग."

रोशनीनं सांगितलं.

ही मूठ मनापासून दिली हे मले माहीत आहे. ज्यांनी दिली त्यांच्या पाया पडते. पण मी ही पोती नेणार नाही. आमच्या बंदरावर पोत्यांचे डोंगर आहेत. काही विकायले आलेले, काही दयेनं आलेले. दोन्हींच्या खाली आमच्या बायांचं धान दबून मरते. आमच्याकडे जमीन आहे, पाऊस आहे, हात आहेत. लढाई झाली, ती आमचीच माणसं लढली, त्याचाही हिशेब आम्हीच देऊ. उपाशी लेकरांचा फोटो काढून नेणारे पुष्कळ आले. त्या लेकरांची जिम्मेदारी आमची आहे, ती आमच्या हातातून घेऊ नका. मी तांदूळ मागायले नाही आली. तुमची वाफ कशी धरायची ते शिकायले आली. ते देता का?

टाळी एकही नाही. जनाबाईनं विचारलं, "काय म्हणते?" कोणी सांगितलं, "नोको म्हणते." बुढी उठून घरी गेली.

फुलं ठेवलेली पोती तिथंच राहिली. सरपंचांनी बॅनरची एक दोरी सोडली, दुसरी तशीच लटकून राहिली.

२३ डिसेंबर

गावभर एकच. मंदाबाई: "एवढी मिजास! आपल्या गावात तांदूळ नाकारते कोणी?" पोरीच्या सोयरिकीले नकार द्या, चालते. तांदूळ नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

मी को. ले जेवण वाढलं, बोलली नाही. ती जेवली, तिनं तिचं ताट घासलं. तेही मले आवडलं नाही.

दुपारी मात्र राहवलं नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत भांडली मी. माय पीपल गुड हार्ट. यू नो रिस्पेक्ट. रोशनी घरी नव्हती, बरं झालं. को. नं सगळं ऐकलं. मंग तिनंही सोपं सोपं बोलून मले विचारलं: तू कधी कोणाच्या तांदळासाठी रांगेत उभी राहिली आहेस? मी उभी होती. पोरीले पाठीवर बांधून. देणाऱ्यानं तांदूळ दिला आणि फोटो काढला. तो फोटो अजून कुठं ना कुठं लावलेला असन.

मी मागच्या अंगणात जाऊन भांडे घासत बसली, घासलेलेच.

संध्याकाळी. एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली. सासूबाई सांगायच्या. आमच्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या साली. तोवर पद्धत अशी की पाटलांकडे पंगत झाली की उरलेला भात गंजात (पातेल्यात) भरून आमच्या मोहल्ल्यात यायचा. दीक्षा घेऊन आल्यावर पहिल्याच पंगतीचा गंज आला. आजेसासऱ्यांनी भात घेतला नाही. गंज घासून पुसून, पाटलांच्या ओसरीवर नेऊन ठेवला. बोलले नाही काही. सासूबाई म्हणायच्या, घरात दाणा नव्हता त्या दिवशी. आणि गावात काय म्हटलं लोकांनी? म्हटलं, या लोकायची मिजास वाढली.

तोच शब्द. मंदाबाईनं सकाळी म्हटला आणि मी मान डोलावली. सासूबाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा मी त्या घरची सून म्हणून अभिमानानं ऐकायची. आणि काल तोच गंज माझ्या हातात होता, वर फुलं ठेवून. लाज वाटली मले. फार वाटली.

२४ डिसेंबर

मंदाबाईकडे गेली. तिच्या ओसरीवरच बसली. गंजाची गोष्ट काढली. ती ओसरी तीच आहे, पाटलांची. मंदाबाई त्याच घरची सून. आम्ही इतके वर्षं सोबत काम करून राहिलो, ही गोष्ट दोघींत कधी निघाली नव्हती.

तिनं सुपातला एक खडा वेचून काढला. मंग म्हणे, "माहीत आहे मले. आमचे सासरे, मामाजी, त्या दिवशी जेवले नव्हते. रागानं."

"मंग?"

"मंग काय. धान कापायले तुमच्या मोहल्ल्यातलं कोणी येईनाच. मामाजीनं झक मारून मजुरी वाढवली."

दोघी हसलो. तिनं सुपातले खडे अंगणात फेकले.

"तिले सांग," म्हणे, "उद्यापासून मिलवर ये म्हणा. आणि शेठले सांगायची गरज नाही."

पोत्यांचं काय करायचं? घरोघर परत वाटता येत नाही, कोणाचा कोणता दाणा? मंदाबाईनंच ठरवलं. शाळेत शिजवू, सगळ्यांची पंगत.

२५ डिसेंबर

पंगत झाली. मंदिरवाले, विहारवाले एकाच ओळीत बसले, काही तोंड वाकडं करून, पण बसले. को. जनाबाईच्या बाजूले बसली. दोनदा भात मागितला. जनाबाईनं तिसऱ्यांदा स्वतःच्या हातानं वाढला. जेवायले नाही म्हटलंच नव्हतं ना तिनं. ओळीत बसून जेवणं वेगळं, हे बुढीले आमच्या आधी समजलं.

२९ डिसेंबर

मिलवर रोज. को. विद्यार्थिनी नाही, वकील आहे. प्रत्येक गोष्टीले काहून. पाणी इतकंच गरम काहून. रातभर काहून भिजवायचं. वाळवण आधी उन्हात, मंग सावलीत काहून. मंदाबाईचा जीव गेला उत्तरं देऊन. "अवं आमच्या सासूनं सांगितलं म्हणून," एवढंच येते तिले. मंग तिलेच शोधावं लागते काहून ते. कालपासून मंदाबाई स्वतःलेच काहून विचारून राहिली.

त्यांच्याकडची अडचण समजली. धान सरळ पाण्यात उकडतात, खालचं गाळ होते, वरचं कच्चं राहते, कांडताना तुटते. आमच्या टाकीत तळाशी भोकांची थाळी आहे. खाली पाणी, थाळीवर धान. धानाले पाणी लागू द्यायचं नाही, फक्त वाफ. एवढंच गुपित. एवढ्याचसाठी शेठ घाबरते.

मी म्हटलं, वेल्डिंगवाल्या हमीदभाईकडून एक टाकी बनवून घे, जहाजानं पाठवू. नाही म्हणे. तुमच्या टाकीचा पत्रा आमच्याकडे मिळत नाही. तुटली त मी तुले फोन करू का? आमच्याकडे तेलाचे ड्रम मिळतात, गल्लोगल्ली. ड्रमचीच बनवीन. आणि मीच बनवीन.

हमीदभाईचं वर्कशॉप तुमसर रोडवर. बाई वेल्डिंग करन म्हटल्यावर तिथं बाजार भरला. पहिल्या दिवशी तिनं पत्र्यापेक्षा जास्त बोट जाळलं. हमीदभाई म्हणे, "बहन, छोडो, मैं कर देता हूँ." तिले हिंदी येत नाही, पण ते समजलं. मुंडी हलवली, चष्मा पुन्हा डोळ्याले लावला.

३१ डिसेंबर

ड्रम तयार. टाके वाकडेतिकडे. थाळीची भोकं एकसारखी नाहीत. मिलच्या अंगणात चुलीवर ठेवला, आमचं थोडं धान घातलं. वाफ आली. कडेनं पण आली, जिथं यायले नको तिथून. धान निघालं बरं, फार बरं नाही. को. नं दाणा तोडून पाहिला, मले दाखवला. मी म्हटलं, पास, पण काठावर. रोशनीनं सांगितल्यावर चुटकी वाजवली तिनं.

२ जानेवारी

शेठचा फोन. कोणी सांगितलं त्याले, विचारायची गरज नाही, तुमसर रोडवर बाई वेल्डिंग करते आणि शेठले समजणार नाही?

"सुनंदाबाई, मी दाखवा म्हटलं होतं."

"दाखवलंच ना शेठ. ती पाहून पाहून शिकली."

"मस्करी नका करू. तुम्ही माझं गिऱ्हाईक कापून राहिल्या. माझ्याकडे पण हमाल आहेत, ड्रायव्हर आहेत, त्यायच्या घरी पण चूल आहे. तिले काय शिकायचं ते तिनं दुसरीकडे शिकावं, माझ्याच धानावर बसून नाही."

मी म्हटलं, शेठ, तिच्या देशातले लोकं जन्मभर तुमचंच पोतं खात राहतील असं कोण्या पुस्तकात लिहिलं आहे? तर म्हणे, "तुमचा काय संबंध त्यायच्या देशाशी? तुम्ही आपलं पाहा. ही बाई उद्या गेली नाही त संक्रांतीनंतर ट्रक येणार नाही."

फोन ठेवून सरळ मंदाबाईकडे गेली, उद्याच बैठक लावू म्हटलं.

३ जानेवारी

बैठक. सगळ्या जणी, मिलच्या ओट्यावर. को. पण, कोपऱ्यात. शेठ काय बोलला ते मी जसंच्या तसं सांगितलं.

लता उठली. लता एकटी कमावती, नवरा खाटेवर. "ताई, तिच्या देशाचं भलं होवो. पण त्यासाठी माझी चूल काहून विझवायची? तिचे लोकं येणार आहेत का माझ्या घरी?" तिचं चुकलं काय? काहीच नाही. दोघी-चौघींनी मान हलवली.

को. नं रोशनीले विचारून घेतलं. उभी राहिली. मी उद्या जाते, म्हणे. पाहायचं ते पाहिलं. माझ्यासाठी तुमचं काम गेलं त तो तांदूळ मी घेतल्यासारखाच झाला.

"बस खाली," मंदाबाई. मराठीतच. को. बसली.

मंग मंदाबाई लताले म्हणे, "शेठचा ट्रक आला त चूल पेटते, नाही आला त विझते. अशीच चालवायची का जन्मभर? याले आपली मिल म्हणते का कोणी? आपण त्याची टाकी आहो, भोकं पाडलेली." थोडी थांबली. "भ्याव मलेही वाटते, लता. पण मी कोणाले शिकवाचं ते तुमसरवाला सांगणार नाही."

मी म्हटलं, ही बाई आपल्या लोकांची जिम्मेदारी आपल्या डोक्यावर मागून राहिली. जगात सगळे ओझं टाकायले पाहतात, ही उचलायले पाहते. तिले नाही म्हणायचं असन त तुम्ही म्हणा, माझ्या तोंडून निघणार नाही.

हात वर झाले. लताचा नाही झाला. पण बैठक संपल्यावर तिनंच को. ले वाळवणाच्या फावड्याचा दांडा कसा धरायचा ते दाखवलं, कुरकुर करत. को. संक्रांतीपर्यंत राहणार.

१३ जानेवारी

वरठी स्टेशनवर सोडून आलो. हे सुट्टी टाकून आले, रोशनी, मी, मंदाबाई. को. नं ड्रम नेला नाही. इतका जळून बनवलेला. डोक्यात आहे, म्हणे, आणि हे बघ बोटावर, म्हणून डाग दाखवले. मी लुगडं दिलं, ते घेतलं, आणि आपलं कमरेचं फडकं सोडून मले दिलं, भडक पिवळं. देवाणघेवाण झाली म्हणून घेतलं, नुसतं दिलं असतं त घेतलं नसतं बहुतेक.

गाडी हलली तेव्हा मंदाबाई म्हणे, "हिच्या देशात शेठ नसतील का? तिलेही फोन येतील."

२२ जानेवारी

ट्रक आला नाही. मिल गप्प. मी सकाळी जाते, झाडते, येते.

मंदाबाईनं स्वतःच्या बांधीचं (शेतातलं) धान आणलं. "कर सुरू." मंग आणखी दोघी-तिघींनी आणलं. आमचा पहिला तांदूळ, कोणाचा नाही, आमचा. पण विकायचा कोणाले? इथं उष्णा खाते कोण? साकोलीच्या बाजारात मंदाबाई आणि मी पोतं उघडून बसलो. जो तो येते, हातात घेते, नाकाले लावते, "वास येते" म्हणून जाते. मीच को. ले हे सांगितलं होतं, वास येते त्याले. आता माझ्याच तोंडावर ऐकून राहिली. दुपारपर्यंत एक गिऱ्हाईक नाही.

शेवटी हायवेवरचा इडलीवाला अण्णा. त्याले उष्णाच लागते इडलीले, तो रायपूरकडून मागवते. मूठ घेतली, दाताखाली धरली. "पुढच्या आठवड्यात आणाल?" म्हणे. मी इतक्या जोरात हो म्हटलं की बाजूचा कांदेवाला वळून पाहायले लागला.

पोत्यावर काय लिहायचं? मंदाबाई म्हणे, काहीही लिही, गोंदिया नको. आंबागड लिहिलं, मार्करनं, ज्यानं रोशनी मुलांचे पेपर तपासते.

५ फेब्रुवारी

को. चा व्हॉट्सअॅप. फोटो. तिचा नवा ड्रम, आडवा पडलेला. पहिलं धान फुटलं, दुसरं कच्चं. संघातल्या बाया हसल्या म्हणे, एवढ्या दूर जाऊन ड्रम फोडायले शिकली.

मी लगेच लिहिलं, हमीदभाईले विचारते, व्हिडिओ पाठवते. त्यावर तिचं उत्तर: नको. भोकं कुठं चुकली ते मले दिसून राहिलं. मलेच काढू दे.

राग आला. पुन्हा. ही बाई कोणाची मदतच घेत नाही. मंग वाटलं, साकोलीच्या बाजारात त्या दिवशी शेठ आला असता आणि म्हटलं असतं, द्या इकडे, मी विकून देतो, त मी काय म्हटलं असतं? काय म्हटलं असतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

व्हिडिओ पाठवला नाही.

२० फेब्रुवारी

शेठ स्वतः आला, गाडी लांब ठेवून, पायी. ओट्यावर बसला, चहा घेतला. मागचं विसरा, म्हणे. उद्या ट्रक पाठवतो, आधीसारखंच, वर्षभर. फक्त एक गोष्ट. यापुढं कोणत्या परदेशी बाईले मिलमध्ये पाय ठेवू द्यायचा नाही.

लताच्या डोळ्यात पाणी आलं. ट्रक या शब्दानंच आलं. अण्णाच्या इडलीनं सगळ्यांच्या चुली पेटत नाहीत, हे तिलेही माहीत, मलेही. मंदाबाई म्हणे, उद्या सांगतो.

२१ फेब्रुवारी

सकाळी को. चा आवाज आला मोबाईलवर, बाजाराचा गोंगाट मागे. रोशनीले ऐकवला. म्हणते, आज विकला. माझ्याच गावच्या बाजारात, माझ्याच ड्रमचा. एक बाई आली, हातात घेतला, म्हणे हा इंडियाचा आहे ना? मी म्हटलं नाही, आपला आहे. तिनं विश्वास ठेवला नाही. पण घेतला. पुढच्या बाजाराले तिलेच सांगीन पुन्हा. आणि ऐक, शेजारच्या देशातल्या दोघी विचारत होत्या कुठं शिकली म्हणून. तुझा नंबर दिला. उन्हाळ्यात येतो म्हणतात. चालन ना?

दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा मंदाबाईले ऐकवायले मिलवर घेऊन आली. लता पण ऐकून राहिली. मंग फाटकाच्या आतल्या बाजूनं उभी राहिली, पदर तोंडात धरून.

ट्रक आला आहे. फाटकाबाहेर उभा. शेठचं धान, ताडपत्रीखाली, त्याच्या अटीसकट. चाबी मंदाबाईच्या कमरेले. ती वाळवण पसरून राहिली, आपल्याच बांधीचं, आणि वर पाहून नाही राहिली. ओट्यावर बसून मी हे लिहून राहिली. ड्रायव्हर हॉर्न देऊन राहिला.

वाजव म्हणा.